चुना वाळू द्या

अण्णा, मेलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे बंद रेडिओला कान लावणं, असं तुमचं मत होतं. कुणाच्याही मयतीहून आलात की पाय धुता धुता तुम्ही सांगायचात, "मेल्यावर काही न्हाई. काय बोलायचं ते जित्या माणसाशी बोला." तुमची मतं पुष्कळ होती आणि त्यातली बरीचशी आपटायची, पण हे एक मी खरं मानून चालले. तुम्हाला जाऊन पस्तीसेक वर्षं झाली, एक ओळ लिहिली नाही. आज बसले आहे, कारण जे सांगायचं ते जित्या माणसाला सांगता येत नाही. ते जितं माणूस म्हणजे आई. नांदेडला विष्णुपुरीच्या माझ्या घरात, आतल्या खोलीत, मांडीवर परात घेऊन ती वाटाण्याच्या शेंगा सोलते आहे. गुडघे गेले, पण कान अजून तिखट आहेत, म्हणून लिहिलेलं मी मोठ्यानं वाचूनही बघत नाही.

चाकूरच्या घराची पुढची खोली डोळ्यांपुढे आणा. रस्त्याकडचा दरवाजा, दरवाजासमोरची भिंत आणि त्या भिंतीला टेकून तुम्ही. तहसीलमधून आलात की सदरा खुंटीला, अंगात बनियन, खाली सतरंजी, उजव्या हाताला रेडिओ आणि डोकं भिंतीला. तिथून रस्ता सरळ दिसायचा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तुमचं मत तयार असायचं. बसस्टँड चुकीच्या जागी बांधलंय. चहात विलायची घालणारे लोक नुसती छाप पाडायला बघतात. भिंतीला डिस्टेंपर देणं म्हणजे भर उन्हाळ्यात माणसाला रेक्झिनचा सदरा घालणं. भिंतीला चुनाच पाहिजे, चुन्यातून भिंत दम घेते. बातम्या लागल्या की दिल्लीपासून आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांना सल्ला. बातम्या संपल्या की रेडिओ उघडायचा नाद. बिघडलेलं काही नसे, तरी उघडायचा, फुंकर मारायची, पुसायचा, पुन्हा लावायचा, आणि दरवेळी एक स्क्रू उरायचा. "हा कंपनीनं फुकट दिलेला हाय," म्हणून तुम्ही तो खिडकीत ठेवून द्यायचात.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा तर तुमच्या मतांना नुसता ऊत आला होता. आता जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादेपर्यंत भाकर बांधून एसटीत बसायची गरज नाही, आता सायबांच्या डोळ्यासमोर आपलं गाव. गल्लीतल्या चार माणसांसमोर तुम्ही छातीवर हात मारून म्हणालात, "वर्षात घरात नळ न्हाई आला तर मिशा काढीन." नळ आला, वर्षाच्या आत आला. अंगणात पाइप उभा राहिला, त्याला पितळी तोटी बसली. पाणी तेवढं आलं नाही. लोक मिशा मागायला आले तर तुम्ही म्हणालात, "म्या नळ म्हणलो होतो, पाणी कुठं म्हणलो?" आई त्या तोटीला चहाची गाळणी अडकवायची. मला अजून हसू येतं.

भांडण होतं ते त्या भिंतीवरून. तुम्ही डोक्याला खोबरेल चोपडायचात आणि तेच डोकं टेकायचात, म्हणून तिथं भाकरीएवढा काळपट डाग पडलेला. आपल्या गल्लीत घरोघर चुना द्यायचा तो चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आई चुनखडी पिंपात विरवायची, त्यात चिमूटभर नीळ टाकायची, अंबाडीचा कुंचला भिजत घालायची आणि मग आधी सगळी भिंत पाण्यानं ओली करायची. कोरड्या भिंतीवर चुना धरत नाही, हात लावला की हाताला येतो, हे तिनं मला लहानपणीच शिकवलेलं. भिंत ओली झाली की जुन्या चुन्याखालून तुमचा डाग वर यायचा, आदल्या वर्षी झाकलेला, त्याच्या आदल्या वर्षीचाही. "बग, बग तुझ्या बापाचं डोस्कं," ती मला दाखवायची. "म्या वरसाला चुना दिऊन राहिले, अन् हे टेकून राहिले. टावेल लावा म्हणलं तर ऐकतेत का?" तुम्ही अंगणातून ओरडायचात, "भित घराची हाय का पाहुण्याची?" असं ते चालायचं, आणि त्यात राग कुणाला नसायचा.

मग मला बघायला खरंच पाहुणे यायचे ठरले. आईनं त्या महिन्यात जयंती नसताना चुना काढला, पुढच्या भिंतीला तीन हात दिले आणि तुमची सतरंजी, रेडिओ उचलून आतल्या खोलीत चुलीजवळच्या भिंतीला नेऊन ठेवला. पाहुणे जाईपर्यंत, म्हणाली. पाहुणे आले, पोहे खाल्ले, भिंतीकडे कुणी बघितलंही नाही, आणि पंधरा दिवसांनी नकार कळवला. पण पांढरीशुभ्र भिंत आईला आवडली होती. मलाही आवडली होती. एका संध्याकाळी तुम्ही रेडिओ उचलून दारात उभे राहिलात आणि विचारलंत, "आता बसू का तिकडं?" आई केर काढत होती. मान वर न करता म्हणाली, "थांबा की. चुना वाळू द्या." चुना कधीचा वाळला होता, अण्णा. तुम्हाला ते दिसत होतं, घरात चुन्याबद्दल सगळ्यात जास्त मतं तुमचीच होती. तुम्ही भिंतीकडे बघितलंत, आईच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलंत आणि रेडिओ घेऊन आत गेलात. पुन्हा विचारलं नाहीत.

आतून रस्ता दिसत नव्हता. भांड्यांच्या मांडणीशेजारी रेडिओ खरखरायचा. तुमची मतं कमी कमी होत गेली. पहिल्यांदा रस्त्यावरची गेली, मग बातम्यांवरची. आई शेजारच्या मावशीला म्हणाली, "बरं झालं बाई, घरात जरा शांतता हाय." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. डॉक्टरांनी सांगितलं हृदय आधीपासूनच कमजोर होतं, आणि ते आम्हाला माहीत होतं. जागा बदलल्यानं कुणी मरत नाही. तुम्ही स्वतःच म्हणाला असतात की असल्या गोष्टी बिनकामाच्या माणसांना सुचतात. पण आईला ते कोण सांगणार? तिनं कुणाला विचारलंच नाही.

तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या जयंतीला तिनं नेहमीसारखं पुढच्या भिंतीवर पाणी मारलं आणि तुम्ही वर आलात. तोच गोल, आणि त्याच्याखाली खांद्याची पुसट ओळ, जी मी आधी कधी बघितली नव्हती. आई कुंचला हातात धरून खाली बसली. मी पिंप ढवळत राहिले. भिंत सुकायला लागली, डाग फिका झाला, मग ती उठली आणि चुना दिला. नीट दिला, कोपऱ्याकोपऱ्यात दिला. मला वाटलं, संपलं. माझं ते मत तुमच्या मतांसारखंच निघालं.

त्यानंतर दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला, टँकर यायचा तेव्हा घरटी दोन घागरी, आणि त्या दोन घागरींसाठी सकाळपासून रांग. मी तेव्हा लातूरला नोकरीला होते, जयंतीला घरी आले. भिंतीवर मारायला पाणी कुणाकडे असणार? पण जयंतीला घर पांढरं नाही म्हणजे काय, म्हणून अख्ख्या गल्लीनं कोरड्याच भिंतीवर चुना फासला. जयंतीच्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्ली रंगीत कपड्यांत बाजाराला निघाली आणि बघते तर काय, झाडून सगळ्यांच्या पाठी पांढऱ्या! जो जिथं टेकला तिथला चुना घेऊन आला होता. बाजारात लोक बोट दाखवून हसले, आमची माणसंही एकमेकांच्या पाठी झटकत हसली. तुम्ही असतात तर त्यावर आठवडाभर बोलला असतात. मावशीनं मला वळवून बघितलं. माझी साडी गर्द जांभळी. "सगळ्याइच्या पाठी पांढऱ्या, अन् तुझीच कशी कोरी गं? टेकली न्हाईस का कुठं?"

टेकले होते. सकाळी तासभर तुमच्या जागी टेकून रेडिओ ऐकला होता. घरी येऊन मी भिंतीला हात लावला. सगळीकडचा चुना बोटांना आला, तेवढ्या एका जागेचा आला नाही. तिथली भिंत गार होती. दुपारी मी पुढच्या खोलीत आले तेव्हा आई पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीसमोर उभी होती. ओंजळीनं पाणी मारत होती. मला बघून म्हणाली, "भित लई तापती गं." पाणी जिरलं, चुना काचेसारखा पारदर्शक झाला आणि डाग दिसायला लागला. आई समोर उकिडवी बसली आणि तो सुकेपर्यंत बघत राहिली. उन्हाळ्यात त्याला वेळ लागत नाही. डाग पुसट झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुना वाळू द्या म्हणले मी त्यायला. वाळला होता." आणि मग रिकामा तांब्या उचलता उचलता, "वल्लं केलं की बसल्यावानी दिसतेत." तिच्या वाटचं पाणी होतं ते अण्णा. ओठ फुटले होते तिचे. मी त्या दिवशीपासून माझ्या पेल्यातलं अर्धं तिच्या तांब्यात ओतायला लागले.

मधली वर्षं काय सांगू? लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यावर तुमचं मत ऐकायला फार आवडलं असतं. अंगणातल्या नळाला आता आठवड्यातून एकदा पाणी येतं, तुमच्या मिशा वाचल्या. धाकट्या भावानं घर हाती घेतल्यावर भिंतींना डिस्टेंपर दिला, एकदा नाही, दोनदा. आई पाणी मारायची थांबली. डिस्टेंपरवरून पाणी सरळ खाली ओघळतं. नंतर तिला मी नांदेडला आणलं. गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला की घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं, मिस्त्री सोमवारी येणार. आईनं ऐकलं, आणि संध्याकाळी म्हणाली, "तू जाऊन ये. पाडायच्या आधी एक तांब्या मारून बग."

मी गेले. पत्रे काढून झाले होते, पुढच्या भिंतीवर थेट ऊन पडलेलं, घर आहे असं वाटतच नव्हतं. मी तांब्या मारला, पाणी घरंगळून गेलं. दुसरा मारला. मग एका खापरानं रंग खरवडला, खालचा चुना उघडा केला आणि बादलीभर पाणी ओतलं. मिस्त्री बिडी हातात धरून बघत होता. "ताई, पाडायची भित कामून धुऊन राहिल्या?" चुना ओला झाला, दिसेल म्हणून मी वाट बघितली. पांढरं. नुसतं पांढरं. बहुधा जागा चुकली असेन, किंवा इतक्या वर्षांत तेल विरून गेलं असेल. मी आणखी थोडं खरवडलं आणि मग हात थांबला. तेवढ्यात फोन वाजला. आईला धीर नव्हता.

"दिसलं का?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणाले, "दिसलं."

मग तिचा आवाज आला, बारीक, पोरीसारखा. "चुना वाळलाय म्हणावं त्यायला. बसा म्हणावं तिथंच."

तेव्हापासून आई बदलली आहे. जेवते, झोपते, समोरच्या बिल्डिंगचा रंग कसा चुकला ते सांगते, नातवानं कोणता मोबाइल घ्यायला नको होता ते सांगते. तुमची गादी तिनं चालवायला घेतली आहे. आत्ताही आतून विचारते आहे की इतका वेळ काय लिहून राहिलीस. हा कागद कुठं धाडायचा नाही, ती झोपली की चुलीत, नाही, आता चूल कुठली, फाडूनच टाकीन. डाग दिसला नव्हता, अण्णा. पण तुम्हाला लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. तिनं निरोप दिला होता आणि मला तो मोठ्यानं म्हणता आला नाही. मिस्त्री बघत होता, मला लाज वाटली. भिंत पडली तरी मी गप्पच उभी होते.

चुना वाळलाय, अण्णा. बसा.