आमचे कॅप्टन आजोबा

३ नोव्हेंबर
वाचनालयात जुन्या चित्रांचं प्रदर्शन आहे, वीस तारखेला. माहेरचं आजोबांचं चित्र द्यायचं ठरवलं. नेव्हीचा कोट, सोनेरी बटणं, छातीवर पदक. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, खाली कार्ड लागेल. नाव, हुद्दा, बोट. म्हटलं, दोन दिवसांत आणते. त्यात काय एवढं!
मोठ्या जाऊबाई बावीस वर्षं विचारतायत, "तुमच्याकडे कोण होतं गं एवढं?" आता कार्डच वाचा म्हणावं.

५ नोव्हेंबर
नाव ठाऊक आहे. हुद्दा कॅप्टन, तो दिसतोच. राहिली बोट.
आत्याला फोन केला. आजोबा गेले तेव्हा ती सहा वर्षांची. तिला एवढंच आठवतं की पहाटे चारला घराबाहेर पडायचे, एक दिवस खाडा नाही. म्हणजे शिस्त! पण मग म्हणाली, "पाण्याला जाम घाबरायचे गं. पोहता यायचं नाही."
कॅप्टनला पोहायचं काय काम? बोट असते.

८ नोव्हेंबर
गल्लीत बोटीवरून रिटायर झालेले काका आहेत. त्यांना घरी बोलावलं. चष्मा पुसून पुसून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, पट्ट्या कॅप्टनच्याच आहेत. पण टोपी ही अशी कोण धरतं? बादली धरल्यासारखी?"
जन्मभर इंजिनात कोळपलेला माणूस. वरच्यांचं त्याला काय कळणार? चहा फुकट गेला.

९ नोव्हेंबर
नेव्हीच्या ऑफिसला फोन. पाऊण तास गाणी ऐकवली. शेवटी एक मुलगी बोलली. ह्या नावाचा अधिकारी नाही म्हणे. म्हटलं, परत बघा. परत नाही.
रेकॉर्ड धड ठेवत नाहीत आणि आपल्याला शिकवतात.

१२ नोव्हेंबर, दुपार
सहा ब्लाउज खोळंबलेत. गिऱ्हाइकं बोंबलतायत. बोंबलू देत. टेप घेऊन चित्रासमोर उभी राहिले. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून शिवतेय, मापात मला कुणी फसवू शकत नाही. खांदा दोन बोटं उतरलाय. बाही अंगठ्यापर्यंत. कोट अंगच्या मापाचाच नाही.
हे म्हणाले, "मग दुसऱ्याचा असेल."
मी म्हटलं, "लढाईवर वाळले असतील!" तर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता. हसत होते.

१७ नोव्हेंबर
वाचनालयाच्या बाई चित्र बघायला घरी आल्या, भिंग लावून कोपऱ्यातली सही वाचली. चित्रकार कधीच वारला, पण मुलगा आहे. बाजारामागे दुकानांच्या पाट्या रंगवतो. हे आधी नाही का वाचायचं? पंधरा दिवस माझी पायपीट! उद्या जाते. उद्या बोट हातात.

१८ नोव्हेंबर
पाटीवाले म्हातारे आहेत. वडिलांची वही काढली, पान सापडायला तासभर लागला.
म्हणाले, "साहेब लोकांना तासन् तास बसायला वेळ कुठला? ते कोट पाठवून द्यायचे. तो कुणाला तरी घालून बसवायचं, अंग रंगवायचं. मग साहेब यायचे, नुसत्या तोंडापुरते."
मग वाचलं. "कोट आला. दूधवाल्याला घालून बसवले. रिकामे हात स्वस्थ राहीनात, टोपी दिली. सराव म्हणून त्याचेच तोंड काढले. साहेब आल्यावर बदलू." खाली तारीख टाकून, "साहेबांची बोट सुटली. येत नाहीत. कोट परत. चित्र दूधवाल्याने मागितले, दिले."
पुढे नाव होतं. तीनदा वाचायला लावलं. आजोबांचंच.
येताना बस चुकली. चालत आले.

१९ नोव्हेंबर
चित्र द्यायचं नाही. ठरलं. पोटदुखी सांगायची.
वाचनालयाच्या बाईंचा फोन. म्हणाल्या, "ताई, बोट मिळाली नसेल तर 'अज्ञात अधिकारी' लिहिते. कुणाला काही कळणार नाही."
हे बरं होतं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि काय झालं कोण जाणे. "अज्ञात कसले? नाव आहे त्यांना!" असं ओरडलेच. सगळं सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर स्वतःला दोन लावाव्यात असं वाटलं.
आता जाऊबाई. उत्तरं तयार ठेवायला हवीत.
एक: कॅप्टनच्या जागी बसवायला तसा रुबाब लागतो.
दोन: तुमच्याकडे कुणाचं चित्र आहे, ते दाखवा.
तीन: जरा जास्तच आहे, पण वेळ आली तर बोलणार.

२० नोव्हेंबर
कार्ड लागलं. आजोबांचं नाव. खाली "दूधवाले. साहेबांच्या कोटात." सगळ्यात जास्त गर्दी तिथेच. लोक वाचून हसत होते, मग पुन्हा वर बघत होते.
जाऊबाई आल्या. चष्मा लावला. कार्ड वाचलं, चित्र बघितलं, परत कार्ड वाचलं. मी पदर खोचून शेजारी उभी.
म्हणाल्या, "कान अगदी तुझे गं."
आणि चहा कुठे मिळतो ते विचारत निघून गेल्या.
तिन्ही उत्तरं पाठ होती. तशीच घरी आणली.