परत सांगा

१ जानेवारी, गुरुवार
नवीन डायरी. कीटकनाशकाच्या कंपनीनं दिलेली, पानोपानी अळीचा फोटो. संकल्प एकच: तृप्तीचा नंबर वर आणणे. सहामाहीत आठवीच्या वर्गात अठ्ठाविसावी आली. शेजारच्या कडूबाची अक्षता त्याच वर्गात पहिली. कडूबा म्हंजे कारखान्यावर वॉचमन, नववीतून शाळा सुटलेला माणूस. मी बी.ए., तीर्थपुरीत स्वतःचं कृषी सेवा केंद्र, चार लोक सल्ला विचारून जातात. मंग हे उलटं कसं होऊन राह्यलं?
मी जळत न्हाई. फक्त चौकशी करणार.

३ जानेवारी, शनिवार
टाइमटेबल करून भिंतीला लावलं. पहाटे पाचला तृप्तीनं उठणे. संध्याकाळी सात ते साडेआठ अभ्यास. रविवारी रिव्हिजन. शीतल म्हणली, ह्याच्यात बापाचं नाव कुठं दिसंना. मी म्हणलो, बाप मॅनेजमेंटला हाय. बायकोला मॅनेजमेंट कळत न्हाई.

४ जानेवारी, रविवार
तृप्ती पाचला उठली का ते बघायचं राहिलं. मी साडेसातला उठलो.

६ जानेवारी, मंगळवार, संध्या. ७.२०
सापडलं!
मॅच होती म्हणून दुकान जल्दी बंद करून आल्तो. आमची आन कडूबाची भिंत एकच, तीबी एका विटेची. पलीकडून बाईमाणसाचा आवाज. इंग्लिश शिकवून राह्यली. न्हाई, चुकलं. परत सांगा. आता बराबर. पुढचं सांगा. काय आवाज, काय दरारा! म्हंजे कडूबानं घरी मॅडम लावली. गुपचूप. आन बाहेर सांगतो, आमची पोरगी आपल्या मनानंच करती म्हणून. लबाड.
अजून एक बारीक गोष्ट मी पकडली. मॅडम लेकराला 'सांग' म्हणत न्हाई, 'सांगा' म्हणते. अहो-जाहो! इथंच गंमत हाय. मान दिला की लेकरू फुलतं. हे दुसऱ्या कोणाच्या ध्यानात आलं नसतं.

८ जानेवारी, गुरुवार
घरात आजपासून तृप्तीला अहो-जाहो. सकाळी म्हणलो, तृप्तीताई उठा, दात घासा. ती उठून बसली, माझ्याकडं बघितलं आन आईला जाऊन विचारलं की पप्पाला ताप आलाय का. शीतलनं मला कपाळाला हात लावून बघितलं. पद्धत नवीन असली की विरोध होतोच.

१२ जानेवारी, सोमवार
चपलांवर पाळत. सातला कडूबाच्या दारात लेकरांच्या दोन जोड आन कडूबाचे कारखान्याचे बूट. मॅडमची चप्पल न्हाई. मागच्या दारानं येत असावी. दुपारी कडूबाला चहाच्या टपरीवर गाठलं होतं, सहज विचारलं की मॅडम कुठल्या हो तुमच्या, अंबडच्या का? तो लाजल्यावानी झाला, कसली मॅडम भाऊ म्हणला आन अर्धा चहा टाकून गेला. चोराच्या मनात चांदणं.
घरी आल्यावर विचारलं, तृप्ती कुठंय. शीतल म्हणली, अभ्यासाला बसलीय. टाइमटेबल काम करून राह्यलं. वर जाऊन बघितलं न्हाई, विश्वास टाकायला पाहिजे लेकरावर.

१७ जानेवारी, शनिवार
चप्पल काऊन न्हाई त्याचा उलगडा झाला. मॅडम ऑनलाइन हाय! मंग आपल्याबी पोरीला पडद्यावर शिकवायचं म्हणून आजच जालन्याहून पंचावन्न इंची टीव्ही आणला. शिक्षणात खर्चा बघायचा नसतो.

२० जानेवारी, मंगळवार
टीव्हीवर शैक्षणिक कार्यक्रम दहा मिनटं. मंग कुस्त्या लागल्या. कुस्तीतूनबी जिद्द शिकता येते. तृप्ती पुस्तक घेऊन उठून गेली. म्हंजे टीव्हीमुळं ती पुस्तकाकडं वळली.

२४ जानेवारी, शनिवार
घटक चाचणीचा निकाल. तृप्ती सातवी! अठ्ठाविसावरून सातवी! टाइमटेबल, अहो-जाहो आन टीव्ही, तिन्ही उपाय लागू पडले. अक्षता पहिलीच, तो विषय वेगळा.
संध्याकाळी कडूबा पेढे घेऊन आला. अक्षताचे असतील म्हणून मी तोंड वाकडं करून हात पुढं केला, तर म्हणला, आपल्या तृप्तीचे. आपल्या? माझ्यापेक्षा ह्यालाच जास्त आनंद. डोळ्यात पाणी आल्तं त्याच्या. तृप्तीनं त्याच्या हातून पेढा खाल्ला आन हसली. मी आणलेली कॅडबरी अजून फ्रिजमधी पडून हाय.
पेढा चांगला होता. गिळवला न्हाई.

१ फेब्रुवारी, रविवार
झोप लागंना. निर्णय: मॅडम पळवायची. ती ऑनलाइन असो का मागच्या दारानं येवो, तिला दुप्पट मानधन देऊन आपल्याकडं आणायची. मंग बघू पहिली कोण येतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार, संध्या. ८.००
लिहू का नको.
सव्वासातला इस्त्रीचा शर्ट घालून कडूबाच्या घरात सरळ घुसलो. भिंतीपलीकडून आवाज चालूच होता. आत कडूबा खाली मांडी घालून बसलेला, वॉचमनच्या ड्रेसवर, मांडीवर दहावीचं इंग्लिश. खाटेवर अक्षता. आन तिच्या शेजारी लाल पेन धरून तृप्ती. माझी.
कडूबानं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून दहावीला बसून राह्यलाय. पास झाला तर कारखान्याच्या ऑफिसात शिपायाची जागा मिळंल. गणित अक्षता घेते, इंग्लिश तृप्ती. दहावीचं त्याला समजावायचं म्हणून दोघी आधी स्वतः घोकतात. दिवाळीपासून चालू हाय. शीतलला माहीत. 'सांगा' ते त्याच्यासाठी होतं, काका म्हणते ना ती त्याला.
महिनाभर भिंतीला कान लावून मी माझ्याच लेकीचा आवाज ऐकला आन मला वळखू आला न्हाई. घरात ती 'हो पप्पा' म्हणते. त्याच्यापेक्षा जास्त तिला बोलताना मी ऐकलेलंच न्हाई.
लाज वाटली. पण खरं लिहायचं तर कडूबावर आजच्याइतका कधीच जळलो न्हाई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
तृप्तीला विचारलं की बाई, घरचा बाप सोडून शेजारच्याला काऊन शिकवते. ती म्हणली, काकाला येत न्हाई, ते विचारतात. तुम्हाला सगळंच येतं.
ह्याच्यात टोमणा नव्हता. म्हणूनच लागलं.

८ फेब्रुवारी, रविवार
नवीन संकल्प: रोज तृप्तीला एक गोष्ट विचारायची, आन गप ऐकायचं. आज वहीतलं प्रकाशाचं परावर्तन विचारलं. तिचा चेहरा खुलला. आकृती काढून सांगाय लागली. बाण वाकडा काढला म्हणून मी म्हणलो, असं न्हाई गं, आण इकडं पेन्सिल, आमच्या वेळेस बघ कसं शिकवायचे. वीस मिनटं समजावून सांगितलं.
हो पप्पा म्हणली.
शीतल म्हणली, गप ऐकायला चार मिनटं टिकलात.

११ फेब्रुवारी, बुधवार, संध्या. ७.३०
कडूबाच्या परीक्षेला थोडेच दिवस राहिले. तृप्ती जेवायच्या आधीच तिकडं गेली. मी टीव्ही बंद केला, भिंतीपाशी पाट टाकून बसलो. तिनं विचारलं, 'टीच'चा भूतकाळ काय. सोपं होतं. मी हळूच म्हणलो, टीच्ड.
पलीकडून आवाज आला, चुकलं. परत सांगा.
कडूबानंबी तेच म्हणलं असंल. मंग मी टीचेड म्हणून बघितलं. तेबी चुकलं.