मायसाठी आणलेली कॅनरी

मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व
फेब्रुवारी १९८६

प्रिय एथेल बाय,

तुझ्या धाकट्या भावाचा, कॉस्मसचा, नमस्कार. प्रभू येशू तुला आणि भावोजींना बहारीनमध्ये सुखात ठेवो. हॉस्पिटलातल्या तुझ्या रात्रपाळ्या कमी झाल्या का? इकडे सगळे ठीक. आपल्या विहिरीच्या जागी आता बिल्डिंग उभी राहिली आहे (चार मजले, आणि नळाला पाणी नाही).

मायच्या विसरण्याचं तुला ठाऊकच आहे. हल्ली ती मला पाववाला समजते आणि पाव शिळे आणतो म्हणून रागावते. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच, पुढे नुसती घट. पण माझ्या लुईसने (कॉलेजात शिकतो, म्हणजे घरी आम्हाला शिकवतो) कुठल्याशा मासिकात वाचलं की कॅनरी नावाच्या गाणाऱ्या पाखराच्या मेंदूत मोठेपणीही नव्या पेशी जन्मतात आणि ते नवं गाणं बसवतं. माणसाचं तसं होतं की नाही हे कुणालाच नक्की माहीत नाही, असंही त्यात होतं म्हणे, पण तेवढं मी ऐकून घेतलं नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, असा विचार करून मी बाजारातून एक पिवळीधमक कॅनरी आणली आणि मायच्या खाटेशी टांगली.

दोन दिवस पाखरू गप्प, माय गप्प. तिसऱ्या दिवशी मायला ते मळलेलं वाटलं. तिने त्याला वाडग्यात धरून आंघोळ घातली. सगळा पिवळा रंग तिच्या हातांवर उतरला आणि वाडग्यात राहिली एक साधी मुनिया. बायको मला अजून कॅनरीवाला म्हणते.

पण माय आपले पिवळे हात बघत बसली. ‘‘हळद कुनाची गो?’’ म्हणाली, आणि लग्नघरातून उंबराचं पाणी आणायला विहिरीवर निघताना आपल्या बायका गातात ते गाणं तिने धरलं. वर्षभर तिच्या तोंडून सूर निघाला नव्हता. मी रडलो, बाय. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जायचं, पुढे माय लाल लुगड्यात, मागे आपण पोरं, सगळं डोळ्यांपुढे आलं.

मात्र पहिली ओळ गाऊन ती थांबली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. (लुईसला म्हटलं, एकच पेशी जन्मलेली दिसते.)

बाकी क्षेम. मुनियाला सोडून दिलं, तरी ती खिडकीत येऊन बसते.

तुझा
कॉस्मस

ता. क. शेजारची एमिलिया मावशी काल आली होती. मायचं गाणं ऐकून मलाच म्हणाली, ‘‘ती कुठं विसरली रे? ते सवाल-जबाबाचं गानं. एकीनं इचारायचं, दुसरीनं सांगायचं. जबाब येत नाही म्हनून थांबते ती.’’ आणि आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात जबाब तूच द्यायचीस. मावशीने गाऊन बघितलं, तर मायने नको म्हणून हात हलवला आणि दाराकडे बघत राहिली.

आणखी एक. सुट्टी डिसेंबरात घेणार होतीस, ती आत्ताच घे. तोवर माय ओळ गाऊन थांबली की मी मोठ्याने खोकतो. घर फार गप्प होतं गं.