सकाळी आठची मुळं

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण तोंड दाखवायला जागा नाही. पंधरा दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. कांद्याच्या मुळाची काचपट्टी करून त्यात विभाजन होणाऱ्या पेशी दाखवायच्या आहेत. माझ्या बारा काचपट्ट्या झाल्या, पण सगळ्या पेशी ढिम्म! एकीच्या दोन व्हायला एकही तयार नाही. सर म्हणाले, परीक्षेत अशीच काच ठेवलीस तर वर्ष गेलं समज. शाळेच्या प्रयोगशाळेत तू तीस वर्षं हेच करायचीस ना? काहीतरी सांग.

लोभ आहेच, तो परीक्षेपुरता जरा जास्त असावा.
तुझी भाची,
भिंगरी

दि. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

बारा काचा फुकट घालवल्यावर मावशी आठवली! असो. तू मुळं दुपारी, तास सुटल्यावर कापतेस, पैज लावते. ती सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान काप, आणि टोक तेवढंच घे, तांदळाच्या दाण्याएवढं. वरचं जाड मूळ दिसायला छान, पण तिथल्या पेशी आता निवांत झालेल्या.

हे मला कुणी शिकवलं नाही. बाई भिंगातून पाहून 'आज छान' किंवा 'आज रिकामी' म्हणायच्या. मी ते मुळं कापल्याच्या वेळेसकट वहीत लिहायची. दोन वर्षांत वेळ सापडली. स्वतः मात्र कधीच पाहिलं नाही. माझ्यासारख्या परिचराने सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा तो धूळ पुसण्यापुरता, असा नियम होता. मुली 'दिसलं!' म्हणून ओरडायच्या, तेव्हा मी टेबल पुसत असायची. नेमकं दिसतं काय गं? जमलं तर लिही.

लोभ असू दे, आळस सोड.
मावशी

दि. २१ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पास! पैजही तूच जिंकलीस.

आता दिसतं काय ते. पेशी आधी खाऊनपिऊन वाढते, मग आपल्या गुणसूत्रांची दुसरी प्रत करते. मूळ आणि प्रत अशा जोड्या मधोमध रांगेत येतात. प्रत्येक जोडी पेशीच्या दोन्ही टोकांकडून येणाऱ्या धाग्यांना नीट बांधली गेली का, याची खात्री होईपर्यंत पेशी अडून बसते. अगदी तुझ्यासारखी खट! मग जोड्या सुटतात, अर्धी गुणसूत्रं इकडे, अर्धी तिकडे, आणि मध्ये भिंत उभी राहते.

परीक्षकांनी विचारलं, एवढ्या पेशी एका काचेत कशा? मी छाती काढून सांगितलं, ही माझ्या मावशीची पद्धत. सरांना तुझी वही पाहायची आहे. शनिवारी घेऊन ये. नेलपॉलिशने कडा बंद करून ती काच तुझ्यासाठी ठेवली आहे. लिहून सांगण्यात राम नाही.

लोभ असावा, नकार नसावा.
भिंगरी

दि. १ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

सुखरूप पोचले. वहीची पानं दुमडू नका, असं सरांना बजाव.

काल तुझ्यासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आधी भिंगात मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग तू चाक फिरवलंस आणि ती रांग समोर आली, शिस्तीत उभी. तीस वर्षं मुलींना मी हे दाखवत होते! मला माझाच अभिमान वाटला, तो लपवू कशाला?

सर हसून म्हणाले, मावशी, हळू, शेजारी तास चालू आहे. तेव्हा कळलं की 'दिसलं!' म्हणून या वेळी मी ओरडले होते.

लोभ आहेच, त्याचेही एकाचे दोन होऊ देत.
तुझी मावशी