मी वाकलो होतो, पडलो नव्हतो

डेट्रॉइट, मार्च १९८६

प्रिय एर्नस्टीनताई,

धाकट्या लेम्युएलचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? थंडी ओसरतेय, आता कुरकुर कमी झाली असेल. शेजारच्या गल्लीत राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोन केला की रॉस्को दाजी उचलतात आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. जुन्या काळच्या, ऐन उमेदीतल्या बॉक्सर शुगर रे रॉबिन्सनने आजच्या, ऐन उमेदीतल्या टॉमी हर्न्सला रिंगणात लोळवलं असतं, हे ते जोवर मान्य करत नाहीत, तोवर बोलणारही नाही.

त्यांनी तुला काय रंगवून सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. आता खरं काय घडलं ते ऐक. शनिवारी ऑर्व्हिलच्या सलूनात नेहमीप्रमाणे वेल्टरवेट वजनगटातल्या बॉक्सरांचा विषय निघाला. (काढला दाजींनीच. मी नुसतं ‘रॉबिन्सन’ एवढंच म्हणालो होतो.) दाजींचं म्हणणं, हर्न्स सहा फुटांच्या वर, हात हे एवढे लांब, त्याच्या डाव्या हाताच्या सरळ ठोशापुढे, त्या जॅबपुढे, रॉबिन्सन जवळसुद्धा फिरकू शकला नसता. मी म्हटलं, जॅबखालून वाकून आत शिरायचं आणि बरगडीत बाजूने हुक हाणायचा, हे रॉबिन्सनला कुणी शिकवायला नको. तर दाजी सगळ्या सलूनासमोर म्हणतात, “अरे लेम्या, तुला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाही आणि तू मला वाकणं शिकवतोस?”

सांग ताई, उभा जन्म मोटारीच्या कारखान्यात काढलेल्या माणसाने हे ऐकून घ्यावं? मी गळ्याभोवतीचं कापड झटकलं (अर्धे केस कापून झाले होते, अर्धे राहिले होते) आणि उभा राहिलो. ऑर्व्हिलने दोघांच्या मुठींना टॉवेल गुंडाळले. उंचीमुळे दाजी हर्न्स झाले, मी रॉबिन्सन. दाजींनी जॅब टाकला. मी वाकलो. काय देखणा वाकलो म्हणून सांगू! फक्त कंबरेत कट्कन वाजलं आणि मला वर येता येईना. तशाच अवस्थेत पुढे सरकून मी हुक मारला, तो खुर्चीला लागला. दाजी मागे मागे नाचता नाचता केस धुवायच्या बेसिनमध्ये जाऊन बसले. आणि तो मेला ऑर्व्हिल माझ्याकडे बोट करून, पडलेल्या बॉक्सरसाठी मोजतात तसे, दहापर्यंत आकडे मोजायला लागला! मी ओरडतोय, “अरे, मी वाकलोय, पडलो नाहीये!” पण दहा झाले, आणि बेसिनमध्ये बसल्या बसल्याच दाजींनी दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात, सगळे जेवायला बसलेले असताना, त्यांनी हा ‘नॉकआउट’ पास्टरच्या बायकोला अभिनयासकट सांगितला. तिथे मी बोलणं तोडलं.

पुरावा हवा म्हणून मी काठी टेकत म्हाताऱ्या एझेकिएलकडे गेलो. त्याने आयुष्यभर पोरांना बॉक्सिंग शिकवलंय, रॉबिन्सन आणि हर्न्स दोघांनाही रिंगणात पाहिलंय. त्याने डोळे मिटून बराच विचार केला (मध्ये थोडा घोरलाही) आणि म्हणाला, “तरुणपणीच्या हेन्री आर्मस्ट्राँगने दोघांचाही भुगा केला असता.” म्हणजे रॉबिन्सनच्याही आधीचा तिसराच बॉक्सर! आता त्याच्याशीही मी बोलत नाही. सलूनात पाऊल टाकत नाही, त्यामुळे डोक्याची एक बाजू अजून तशीच रानटी आहे. मागच्या रविवारी प्रार्थनेलासुद्धा टोपी घालून बसलो. पण निर्धार म्हणजे निर्धार.

तुझा न हरलेला भाऊ,
लेम्युएल

ता. क. : गुरुवारी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. घरी न्यायला कुणी आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. दाजींना गाडी घेऊन पाठव. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. मी फार घाबरलोय, आणि ते त्यांनी पाहिलं तर चालेल.

आणखी एक : हे मात्र त्यांना सांगू नकोस. तो जॅब मला दिसलाच नव्हता. वाकलो ते अंदाजाने.

अगदी शेवटचं : मला बरं वाटावं म्हणून ते ‘रॉबिन्सनच जिंकला असता’ असं म्हणायचं ठरवून निघतील. म्हणू देऊ नकोस. येताना गाडीत मग बोलायचं काय?