पाच लिटरची जादा टाकी

३ मे, रविवार
पट्टी कापली. लोखंडी, पाच एम.एम. जाड. हॅकसॉची दोन ब्लेडं मोडली. पार्किंगमध्ये सावली असते तोवरच काम, नंतर फरशी तापते.
पेट्रोलची जादा टाकी काल आली. सीटच्या बाजूला, कॅरियरच्या नळीवर बसवायची. बाजारातला ब्रॅकेट माझ्या जुन्या मोटरसायकलला बसत नाही, म्हणून घरीच करणं आलं. मनालीच्या पुढे लांबलांब पंप नाहीत.
सासूबाई खुर्ची घेऊन खाली आल्या.
"हे कशाला?"
"लेहला जायला."
"एकटी?"
"हो."
मग लसूण सोलत बसल्या. का जायचंय ते विचारलं नाही. बरं झालं. मला तरी कुठे...

६ मे, बुधवार
दिवसभर मंडीदीपला, फॅक्टरीत. दुसऱ्यांचे वेल्डिंगचे जोड तपासले, पास-नापास केले. संध्याकाळी आपली पट्टी व्हाइसच्या जबड्यात धरून वाकवली. अगदी काटकोनात. दिसते छान.
निलेशचा फोन. रविवारी येतो म्हणाला, ड्रिल मशीन, पुस्तकं आणि आईला न्यायला. तिन्ही एकाच वाक्यात. तो मला सोडून इंदूरला त्या मुलीबरोबर राहायला गेला त्याला वर्ष होत आलं. आई तेव्हा गेल्या नाहीत. अवधपुरीतल्या या घरातच राहिल्या, माझ्याजवळ. मी राहा म्हटलं नव्हतं, जाही म्हटलं नव्हतं.
त्यांना निरोप सांगितला. "बघू," म्हणाल्या आणि कढीला फोडणी दिली.

१० मे, रविवार
नि. आला तेव्हा ड्रिल माझ्याच हातात. भोक अर्धं झालेलं. "होऊ दे तुझं," म्हणून पायरीवर बसला. मग राहवलं नाही, उठून टाकी धरली. चारही भोकं आम्ही दोघांनी मिळून पाडली. बोलणं एवढंच: जरा वर. थांब. हं.
शेवटी पट्टीवर बोट ठेवलं. "इथे फार टोकदार वाकवलीस. इथूनच तुटेल."
"नाही तुटणार."
"मेधा, एकटी कशाला जातेस?"
मी पट्टीवरचा लोखंडी कीस पुसला. निदान राग तरी यायला हवा होता. वाट पाहिली. नाही आला.
आई गेल्या नाहीत त्याच्याबरोबर. "गुडघे दुखतायत रे, पुढच्या खेपेला." गुडघे ठणठणीत आहेत त्यांचे. पुस्तकं नेली. ड्रिल राहू दे म्हणाला.

१६ मे, शनिवार
टाकी भरून चाचणी. होशंगाबाद रोडने मिसरोदच्या पुढे. एका ठिकाणी रस्ता खोदलाय, गाडी दणादण आपटली. परतताना पेट्रोलचा वास. बाजूला घेतली. खालची पट्टी तुटलेली, वाकवली होती तिथेच. टाकी लोंबकळत होती, पेट्रोलची नळी अर्धवट निसटलेली, पेट्रोल थेट सायलेन्सरवर. थेंब पडायचा, चर्र व्हायचं, वाफ.
मी बघत उभी.
उसाचा रस विकणारा ओरडत आला, "मॅडम, हटिए! आग लग जाएगी!" दंडाला धरून ओढलंच त्याने. मग मी टाकीचा कॉक बंद केला. आधीही करता आला असता. कॉक कुठे आहे मला ठाऊक होतं, मीच बसवला होता.
घरी जेवताना आईंना सांगितलं.
"भीती नाही वाटली?"
"नाही."
"अजिबात?"
"नाही, आई."
ताट सरकवलं त्यांनी. "मग नको जाऊस. ज्याला भीतीच वाटत नाही त्याने घाट चढू नये. मला वाटते. रोज वाटते, तू फॅक्टरीतून येईस्तोवर."
इतक्या मोठ्याने कधी बोलल्या नव्हत्या. मी पोळी संपवली.

१७ मे, रविवार
झोपून. कूलरचं पाणी आईंनी भरलं. 

२१ मे, गुरुवार
रजा टाकली. नव्या पट्ट्या. या वेळी तापवून, पाइपाभोवती गोलाईत वाकवल्या. टाकीला खालून तिसरा आधार दिला, मध्ये जुन्या ट्यूबचं रबर. नि.चं बरोबर होतं. कळवलं नाही.
आई आपणहून खाली आल्या, पाना धरून उभ्या राहिल्या.
"बोल्ट घट्ट आहेत?"
"हो."
"परत बघ."
बघितले. एक ढिला निघाला. 

२४ मे, रविवार
तोच रस्ता, तोच खोदलेला तुकडा. मुद्दाम परत फिरून पुन्हा गेले. टाकी हलली नाही. थेंब नाही.
आले तर आई गेटपाशी, उन्हात, पदर डोक्यावर. स्टँड पहिल्या खेपेला लागलाच नाही. उन्हाने असेल.
"निलेशला फोन केलाय मी. उद्या येतोय न्यायला. तू जाऊन ये."
"तुम्ही परत याल ना?"
हे विचारायचं ठरवलं नव्हतं.
"आधी तू ये."

२६ मे, मंगळवार
आई काल गेल्या. एक पिशवी घेऊन.
आज नि.चा फोन. "आई नीट जेवत नाहीये. तू कधी निघतेस?"
"शुक्रवारी."
 फोन आईंकडे दिला.
"इथे सगळं ठीक आहे गं. ती मुलगीही वाईट नाही." मग, "शुक्रवारी नक्की ना?"
हो म्हणायला मला वेळ लागला. त्यांच्या लक्षात आलं असणार.
"बरं. ठेवते मग."
ठेवला नाही. मीही नाही. तिकडच्या पंख्याचा आवाज येत होता. मुलीचा आवाज आला, "आई, चहा." त्या "आले" म्हणाल्या, पण फोन तसाच कानाला. त्यांचा श्वास ऐकू येत होता.