नाथाजींचे डोळे

सोमवार, ६ जानेवारी

आले बाई एकदाची सांगलीत. वाईहून निघताना आईने डब्यात इतके लाडू कोंबले, जणू मी सरहद्दीवरच चाललेय. विश्रामबागेत खोली मिळाली, खिडकीतून भरपूर ऊन येतं, मालकीणबाई कमी बोलतात. आणखी काय हवं? स्टुडिओही झकास आहे. मालक जयराज सर लग्नांचं शूटिंग बघतात आणि जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचं काम आता माझ्याकडे. पहिल्या दिवसाचं स्वागत म्हणून सरांनी भडंग मागवलं आणि लगेच नियम सांगितला, की भडंगाच्या तेलकट बोटांनी फोटोला शिवायचं नाही. दुसरा नियम असा, की घरच्यांना पाठवलेली लिंक फक्त नावानिशी बोलावलेल्यांनाच उघडली पाहिजे. घरातले फोटो म्हणजे चौकातला फ्लेक्स नव्हे, असं ते म्हणाले. माणूस नीटनेटका वाटला. मला घाण मुळीच खपत नाही, त्यामुळे आमचं जमेल.

गुरुवार, ९ जानेवारी

नीटनेटकेपणा गेला चुलीत. कुंडलचे एक ऊसबागायतदार, शिवतेज, घरचे अल्बम घेऊन आले. त्यांच्या काकांच्या सांगलीतल्या घरात महापूर शिरला होता. तेव्हापासून हे अल्बम गोणीत बांधून माळ्यावर पडलेले. गोण उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली, मधे सुकलेला गाळ, गाळात झुरळांच्या तंगड्या. आणि वास! मेलेल्या उंदरावर कुणी ओलं फडकं टाकून विसरलंय असा. गार पाण्यात घालून पानं सोडवायला घेतली, तर कुणाचा तरी अख्खा गाल माझ्या अंगठ्यावर उतरला, दुधावरच्या सायीसारखा. साबणाने कितीदा तरी हात धुतले, तरी बुळबुळ जाईना. आईचा लाडूसुद्धा गिळवला नाही.

शनिवार, ११ जानेवारी

सगळ्या घाणीतून एक फोटो धड निघाला. शिवतेजचे आजोबा नाथाजी, फौजेतले. खुर्चीत बसलेत, डोक्याला फेटा, अंगावर शाल, गळ्यात हार, मागेपुढे सगळं घरदार उभं. निवृत्तीचा सत्कार असणार. कुणी हसत नाही, पण जुन्या फोटोंत हसतं कोण? नेमके फोटो काढताना आजोबांनी डोळे मिटले, तेवढीच खोट. कपाळावर बुरशीचे डाग होते, आणि नाकपुड्यांत तर पांढरी बुरशी गच्च भरलेली. शी! बघूनच शहारे आले. ती सगळी पुसून टाकली.

मिटलेले डोळे उघडायचे तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून उचलून बसवायचे, ही आमच्या धंद्यातली रोजची युक्ती. पण बाकीच्या फोटोंत नाथाजींचं तोंड कसरीने खाल्लेलं. शेवटी माझ्याच एका फोटोतले डोळे काढून त्यांना बसवले. काय चपखल बसले! या ज्ञानदाचे टपोरे डोळे फौजी माणसाला शोभले म्हणायचे.

शिवतेजना लिंक पाठवली. त्यांच्या आत्याला ती उघडेना, भावकीला फोटो उतरवून घेता येईना, म्हणून त्यांनी फारच गळ घातली. मी कुलूपच काढून टाकलं. ज्याच्या हाती लिंक, त्याला फोटो. सर आठवडाभर कोरेगावला लग्नांच्या शूटिंगमध्ये अडकलेत. त्यांना कुठे कळतंय?

मंगळवार, १४ जानेवारी

ऐन संक्रांतीला डोळे आले. सकाळी पापण्या चिकटल्या होत्या, ओल्या फडक्याने सोडवाव्या लागल्या. चिपडं पिवळी नाहीत, करडी आहेत. आणि त्यांना त्या गोणीचा वास येतो. औषधवाल्याने साथ आहे म्हणून थेंब दिले. तिळगूळ द्यायला कुठे गेले नाही.

शिवतेजचा फोन आला होता. फोटो सगळ्यांना लय आवडला म्हणे, आजोबा जित्ते असल्यागत बघत्यात. भावकीतल्या प्रत्येकाने स्टेटसला लावलाय. रविवारी पुण्यतिथी आहे, त्याच्या फ्लेक्सवरही तोच टाकणार आहेत. मी बरं म्हटलं. मला फक्त डोळे खाजवायचे होते.

गुरुवार, १६ जानेवारी

नाक चोंदलं म्हणून शिंकरलं. रुमालात कापूस आला. ओला, गाळाने करडा पडलेला कापूस. टोक धरून ओढला, तर येतच राहिला, घशाच्या मागून खरवडत. ओकले. ओकारीतही त्याचे पुंजके होते.

कपाळावर लालसर डाग उठलाय. घासून घासून कातडी सोलली, पण तो जात नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

नाथाजींच्या बायको, बनुबाई, स्टुडिओत आल्या. शिवतेजच घेऊन आले होते. कुणाच्या तरी मोबाइलवर फोटो पाहिल्यापासून आजी जेवत नाही म्हणून. त्यांनी आधी मूळ फोटो मागितला. त्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आमचं मालक गेलं तवाचा फोटू हाय ह्यो, पोरी. न्यायच्या आदी खुर्चीत बसवून काढलावता. डोळं म्या माज्या हातानं झाकलं हुतं. तू का उघडलंस?”

तेव्हा त्यांच्याकडे तशी रीतच होती. शेवटची आठवण म्हणून माणसाला फेटा बांधून, हार घालून खुर्चीत बसवायचं आणि घरादाराने भोवती उभं राहायचं. म्हणजे ती बुरशी नव्हतीच. नाकात कापूस होता. कपाळावर गुलाल होता. मेलेल्या माणसाच्या नाकातला कापूस मी काढला, आणि आता तो —

डोळे कुणाचे बसवले, ते मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

शनिवार, १८ जानेवारी

लिंक बंद केली. फोटो पुसला. उपयोग काय? सगळ्यांनी आधीच उतरवून घेतलाय. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर मी — म्हणजे तो. शिवतेजना फ्लेक्स उतरवा म्हणून रडून सांगितलं. ते म्हणाले, चौकात लागला पण, पाहुणे यायला लागले.

सर परत आले. माझं तोंड बघितलं आणि नाकाला रुमाल लावून मागे सरकले.

डोळे मिटले की दिसतं. खोली नाही. तोंडं. मोठाली, वाकलेली, चावत असलेली, दातांत अन्न. सगळी मलाच बघतात. दोन बोटं येतात आणि मला ताणतात — एकाच्या अंगठ्याला भडंगाचं तेल. तो माझ्या बुबुळावरून फिरला. अजून जळतंय. चोळते, तर हाताला नुसती साय —

रविवार, १९ जानेवारी

पापण्या उघडत नाहीत. चाचपडत लिहितेय. ओळीवर ओळ जात असेल —

मोबाइल सापडत नाही. हाक मारते, तर तोंडात कापूस —

कुंडलचा चौक दिसतोय. उंचावरून. ऊन. खाली शेळी फ्लेक्सचा कोपरा चघळतेय. मान वळवता येत नाही —

बनुबाई आल्या. हातात घमेलं. शेण आहे. ओलं, माशा बसलेल्या. शिवतेज अडवतायत. त्या ऐकत नाहीत. स्टुलावर चढल्या —

रडतायत. ओठ हलतात. झाकते म्हणतायत. झाकते, मालक —

तळवा भरून शेण. जवळ. अगदी जवळ —

परवाच सांगायला हवं होतं. बनुबाई, ते मालकांचे नाहीत. ते डोळे मा